आधी धागा, मग माणूस : कारखान्यातल्या हवेचा इतिहास

१९०२ सालचा उन्हाळा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील 'सॅकेट अँड विल्हेल्म्स' या छापखान्यात 'जज' नावाचे विनोदी साप्ताहिक रंगीत छापले जात असे. त्या काळी रंगीत चित्र एका फेरीत छापून होत नसे. तोच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून जाई. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. पहिला रंग चढल्यावर दुसरा चढेपर्यंत हवा बदलली, तर कागदही केसभर बदले आणि चित्रातल्या बाईच्या ओठांचा लाल रंग तिच्या गालावर जाऊन बसे. रद्दी वाढे, काम खोळंबे, अंक लांबे.

हा प्रश्न 'बफलो फोर्ज' कंपनीतील विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या अभियंत्याकडे आला. तो कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडून जेमतेम वर्ष झाले होते. त्याने थंड पाण्याच्या नळ्यांच्या वेटोळ्यांवरून हवा खेळवली. नळ्यांवर हवेतील बाष्प दवासारखे साचून गळून गेले आणि आत येणारी हवा गार व कोरडी झाली. आराखड्यावरील तारीख १७ जुलै १९०२. उद्दिष्ट होते, बाराही महिने सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर ठेवण्याचे. या यंत्रणेची शीतक्षमता दररोज सुमारे ४९ टन बर्फ वितळण्याइतकी होती.

आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात साधारणपणे येथून मानली जाते. यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगारांनाही त्या उन्हाळ्यात थोडा गारवा मिळालाच असेल. पण तो देणे हे यंत्राचे काम नव्हते. यंत्र बसले होते कागदासाठी.

मराठीत आपण 'वातानुकूलन' म्हणतो. हवा अनुकूल करणे. अनुकूल कोणाला, हे मात्र तो शब्द सांगत नाही. व्यापारी इमारतींतील हवेचा इतिहास वाचताना हा एक प्रश्न हाताशी ठेवला, तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

एक अपवाद आधीच नोंदवायला हवा. एप्रिल १९०३ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराची नवी इमारत उघडली. तिच्या सौदेदालनासाठी आल्फ्रेड वुल्फ या अभियंत्याने शीतयंत्रणा उभारली होती. इमारतीची वीज निर्माण करणाऱ्या इंजिनांतून बाहेर पडणारी वाया जाणारी वाफ वापरूनच ती हवा गार करी. ही यंत्रणा निःसंशय माणसांसाठी होती. धंद्याच्या जागेत माणसाच्या सुखासाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर हवा गार केली गेली ती दलालांसाठी, हा योगायोग म्हणावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

पण कारखान्यातील हवा मालाच्या तब्येतीप्रमाणे बदलायची, ही कल्पना कॅरिअरची नव्हे. ती त्याच्याहून किमान दोन पिढ्या जुनी आहे आणि तिचा जन्म कागदात नसून सुतात आहे. तिचा माग काढताना वाट इंग्लंडमधील लँकेशायरला जाते आणि वाटेत खानदेश व वऱ्हाड लागतात.

कापसाचा तंतू ओलसर असताना अधिक बळकट असतो. हवा कोरडी पडली की तो ठिसूळ होतो, घर्षणाने त्यात विद्युतभार साचतो, सूत पिंजारते आणि तुटते. लँकेशायरची हवा मुळातच दमट. तेथे कापडधंदा फोफावण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण सांगितले जाते. तरीही विणकामाच्या शेडमध्ये, विशेषतः कोरड्या पूर्वेकडील वाऱ्याच्या दिवसांत, तेवढा दमटपणा पुरत नसे. मग बॉयलरची वाफ नळ्यांनी थेट शेडमध्ये सोडली जाई. याला तेथे 'स्टीमिंग' म्हणत.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरला तेथून येणारा लांब धाग्याचा कापूस जवळजवळ थांबला. मुंबईच्या पेढ्यांवर सोन्याचा पाऊस पडला तो याच वर्षांत. मुंबई बंदरातून जाणाऱ्या पश्चिम हिंदुस्थानातील कापसाला इंग्रज व्यापारी सरसकट 'सुरत' म्हणत. त्यात गुजरातचा माल होता, तसाच खानदेश-वऱ्हाडाचाही. या कापसाचा धागा आखूड, गाठींमध्ये कचरा आणि माती. लँकेशायरच्या यंत्रांवर तो वारंवार तुटे. विणकराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरलेली असल्याने तुटलेला प्रत्येक धागा त्याच्या पोटाला चिमटा काढी. 'सुरत' हा शब्द तेथे निकृष्टपणाची शिवी होऊन बसला.

कमकुवत सूत साच्यावर टिकवायचे, तर त्याला खळ हवी. पीठ आणि चरबी यांची खळ जुनीच होती. चरबी महागल्यापासून तिच्यात कॉर्नवॉलची चिनी माती मिसळू लागली होती. 'सुरत' कापसाच्या दिवसांत तिचे प्रमाण वाढले. आणि मग गिरणीमालकांच्या लक्षात आले की मातीमुळे कापड वजनदारही होते. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परतला, पण माती गेली नाही. अशा मातीभरल्या कापडाची मोठी बाजारपेठ होती हिंदुस्थान आणि चीन. दमट गोदामांत आणि जहाजांच्या पोटात या कापडाला बुरशी लागे, त्यावरून व्यापाऱ्यांत तंटे होत. आपल्या आजा-पणजांनी अंगावर घातलेल्या मँचेस्टरी कापडातील काही वजन इंग्लंडच्या मातीचे होते, हे वाक्य अलंकारिक नाही.

मातीने माखलेले सूत कोरड्या हवेत कडक होऊन मोडते, म्हणून जितकी माती अधिक तितकी वाफ अधिक. विणकर मातीची धूळ आणि वाफ एकाच श्वासात ओढू लागले. टॉडमॉर्डन या गावच्या विणकरांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८७२ मध्ये डॉ. जॉर्ज ब्यूकॅनन यांनी त्यांची सरकारी चौकशी करून अहवाल दिला. उबदार, ओल्या शेडमधून घामेजलेल्या अंगाने बाहेरच्या थंडीत पडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जायचे, हा तेथील विणकरांचा हिवाळा होता.

विणकर संघटनांच्या रेट्यानंतर १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने 'कॉटन क्लॉथ फॅक्टरीज अॅक्ट' केला. कामाच्या जागेतील हवा आकड्यांत बांधणारा हा सुरुवातीचा महत्त्वाचा कायदा. कोणत्या तापमानाला जास्तीत जास्त किती आर्द्रता चालेल, याचा तक्ता त्याला जोडला होता. शेडमध्ये दोन तापमापक शेजारी शेजारी टांगायचे, एक कोरडा आणि एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. त्यांची नोंद रोज करायची. आणि दर माणशी दर तासाला किमान ६०० घनफूट, म्हणजे सुमारे १७ घनमीटर, ताजी हवा आत घ्यायची. आजच्या मानकांपुढे हा आकडा तुटपुंजा वाटतो. पण हवेवर कामगाराचा हक्क किती, हे मोजून लिहिले गेले, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती.

ते दोन तापमापक कशासाठी, हे समजून घेण्याजोगे आहे. शरीर स्वतःला थंड करते ते घाम वाळवून. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम नुसता निथळतो, वाळत नाही. ओल्या फडक्यातील तापमापक नेमके हेच दाखवतो: पाणी वाळून गारवा किती मिळू शकतो ते. जे. एस. हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये दाखवून दिले की स्थिर हवेत हा ओला तापमापक सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर कमरेपर्यंत उघडा बसलेला, काहीही काम न करणारा माणूससुद्धा आतून तापू लागतो. सुताला जी हवा मानवते आणि माणसाला जी मानवते, त्यांच्यातील भांडण येथे आकड्यांत उघडे पडले.

आता मुंबई.

कावसजी दावरांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. शतक संपताना शहरातील गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली होती. समुद्रकाठची दमट हवा सुताला पोषक, हे मुंबईच्या पथ्यावर पडले. पण जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी 'एम्प्रेस मिल' सुरू केली ती नागपुरात. कापूस वऱ्हाडात, कोळसा वरोऱ्याला, मग गिरणी मुंबईत कशाला, हा त्यांचा हिशोब. हिशोब बरोबर होता. अडचण नागपूरच्या उन्हाळ्याची होती. मे महिन्यातील तेथील भाजणाऱ्या कोरड्या हवेत सूत टिकणे कठीण. म्हणून एम्प्रेस मिलमध्ये हवा ओलसर ठेवणारी यंत्रे बसवण्यात आली. आगीवर पाणी फवारणारी यंत्रणा आणि कामगारांसाठी निवृत्तिवेतनासारख्या योजना यांसाठीही ही गिरणी ओळखली जाते.

येथे एक बारकावा निसटू नये. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात थंड पाण्याचे बारीक तुषार हवेत सोडले, तर ते वाळताना हवेतील उष्णता शोषून घेतात. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारल्यावर खोलीत गारवा येतो, तो याच न्यायाने. म्हणजे जे यंत्र सुतासाठी बसले, ते तेथे माणसालाही थोडेफार सुखावह ठरू शकत होते. तेच मुंबईच्या जून महिन्यात चालवले, तर हवेला आणखी पाणी पिण्याची ताकदच उरलेली नसते. आणि तुषारांऐवजी बॉयलरची जिवंत वाफ सोडली, तर ओलाव्याबरोबर उष्णताही शेडमध्ये येते. यंत्रांची उष्णता, शेकडो माणसांची उष्णता, वर वाफ. उघड्या खिडकीतून आलेला वारा सूत तोडतो आणि आतला ओलावा पळवतो, म्हणून खिडक्या बंद. गिरणगावातील साचेखात्याचे हे चित्र कित्येक दशके फारसे बदलले नाही.

१८८१ चा हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांच्या कामाच्या तासांपुरता होता. त्यामागे मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा दबाव होता आणि त्यांना मुंबईच्या बालकामगारांपेक्षा मुंबईच्या स्पर्धेची चिंता अधिक होती, हे तेव्हाही लपून राहिले नव्हते. ज्या लँकेशायरच्या विणकरांसाठी १८८९ मध्ये वाफेचा तक्ता तयार झाला, त्याच लँकेशायरची यंत्रे मुंबईत चालत होती. तक्ता मात्र जहाजावर चढला नाही.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, पगार वेळेवर, अपघातात भरपाई. या यादीत 'हवा' हा शब्द नाही. पण बंद शेडमधून आठवड्याला एक दिवस आणि दिवसाला अर्धा तास बाहेर पडू द्या, ही मागणी दुसरे काय मागत होती? गिरणीतील हवा बदलण्याचा उपाय कामगाराच्या हाती नव्हता. गिरणीतून बाहेर पडण्याचा मागता येत होता. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. सूर्यास्ताची मर्यादा मात्र फार काळ टिकली नाही, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला अर्थच उरला नाही. १९०५ मध्ये वाढत्या तासांविरुद्ध मुंबईत कामगारांचे उठाव झाले. पुढील वर्षी नेमलेल्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते सर हॅमिल्टन फ्रीअर-स्मिथ. लँकेशायरच्या विणकाम शेडमधील आर्द्रता तपासणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही पुढे त्यांच्याकडेच गेले.

अमेरिकेतही याच सुमारास सूत बोलू लागले होते. उत्तर कॅरोलायनातील गिरण्यांचा अभियंता स्टुअर्ट क्रेमर याने १९०६ मध्ये कापड गिरणीमालकांपुढे एक निबंध वाचला. हवा ओली करणे आणि हवा खेळती ठेवणे ही कामे वेगळी न ठेवता एकत्र करावीत, असे त्याचे म्हणणे होते. या एकत्रित कामाला त्याने नाव दिले 'एअर कंडिशनिंग'. सूत आणि कापड यांतील ओलाव्याचे प्रमाण योग्य राखण्याच्या क्रियेला कापडधंद्यात आधीपासूनच 'कंडिशनिंग' म्हणत. क्रेमरने ते हवेला लावले. आज दुकानाच्या दारावर 'एसी' ही अक्षरे वाचून आत शिरणाऱ्याला तो शब्द सुताच्या बाडांवरून उचललेला आहे, अशी शंकाही येत नाही. त्याच वर्षी कॅरिअरला हवा तुषारांतून नेऊन तिची आर्द्रता ठरवणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक ठरलेल्यांत उत्तर कॅरोलायनाच्या बेलमाँट गावची 'क्रॉनिकल मिल' ही सूतगिरणी होती.

हिंदुस्थानात गिरण्यांतील कृत्रिम आर्द्रतेची पातळी ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला तो १९२२ च्या दुरुस्तीने, म्हणजे लँकेशायरनंतर तेहतीस वर्षांनी. त्यापाठोपाठ १९२३ मध्ये टी. मलोनी यांचा हिंदुस्थानातील कापड गिरण्यांच्या आर्द्रीकरणावरचा अहवाल आला. याच काळात 'काटा' नावाचे नवे तापमापक तपासणीत वापरले जाऊ लागले. लेनर्ड हिल यांनी तयार केलेले हे उपकरण मोठे बोलके आहे. मद्यार्क भरलेला फुगा गरम पाण्यात तापवायचा, मग हवेत धरायचा आणि पारा नव्हे तर मद्यार्काची रेघ १०० वरून ९५ अंश फॅरनहाइटवर उतरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचे. हवा किती तापली आहे, हे त्यात मोजले जात नाही. ती माणसाच्या अंगाइतक्या उबदार वस्तूला किती लवकर निववते, हे मोजले जाते. कारखान्यातील हवेच्या परीक्षेत सुताच्या जागी प्रथमच माणसाचे अंग उभे केले गेले. १९३४ च्या कायद्यात ही कल्पना शिरली खरी, पण अटीसह: हवेची निववण्याची शक्ती अपुरी असेल, तर निरीक्षक ती वाढवण्याचा आदेश देऊ शकेल, मात्र उपाय अवाजवी खर्चाचा नसावा. खर्च वाजवी की अवाजवी, हा वाद कोठे आणि कोणाच्या बाजूने रेंगाळणार, हे सांगायला नको.

मग यंत्राने माणसासाठी हवा गार करायला सुरुवात केव्हा केली? जेव्हा माणूसच गिऱ्हाईक झाला तेव्हा. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या 'हडसन' या मोठ्या दुकानाच्या तळघरात, जेथे स्वस्त मालाच्या विक्रीला तोबा गर्दी होई आणि लोकांना भोवळ येई, तेथे कॅरिअरची नवी शीतयंत्रे बसली. १९२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या 'रिव्होली' चित्रपटगृहात तीच यंत्रे आली. त्यापूर्वी उन्हाळा म्हणजे चित्रपटगृहांचा मंदीचा काळ. पहिल्या दिवशी यंत्र सुरू व्हायला उशीर झाला. सवयीप्रमाणे पंखे घेऊन आलेले प्रेक्षक वारा घेत बसले होते. हळूहळू हवा निवली आणि एकेक करून पंखे मांडीवर विसावले. १९२८ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे 'मायलम बिल्डिंग' ही एकवीस मजली कार्यालयीन इमारत पूर्ण वातानुकूलित उभी राहिली.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाशी 'रीगल' ऑक्टोबर १९३३ मध्ये उघडले. वास्तुरचना चार्ल्स स्टीव्हन्स यांची, पहिला चित्रपट लॉरेल-हार्डीचा, तळाशी मोटारी ठेवण्याची सोय आणि प्रेक्षागृहात वातानुकूलित हवा. पाच वर्षांनी चर्चगेटला 'इरॉस' आले. तिकिटाच्या किमतीत दोन-अडीच तासांची गार हवा अंतर्भूत होती. याच शहरात, काही मैल उत्तरेला, साचेखात्यात तेव्हाही हवा ओली करणारी यंत्रे चालू होती. यंत्रविद्येच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणचे काम एकाच शास्त्रात बसते. बाष्पाचे तेच गणित, आर्द्रतेचे तेच तक्ते. कॅरिअरने १९११ मध्ये अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेली सूत्रे रीगलच्या हवेला जितकी लागू होती, तितकीच परळच्या वाफेला. यंत्र कोणत्या बाजूला फिरवायचे, एवढाच प्रश्न होता आणि तो अभियंत्याला विचारला जात नसे.

स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा फॅक्टरी कायदा हवेबाबत आधीच्या कायद्यांपेक्षा स्पष्ट बोलत होता. तेरावे कलम ताजी हवा आणि कामगाराला सोसेल असे तापमान मागत होते. भिंती आणि छप्पर कशाचे असावे, हेही सांगत होते. पंधरावे कलम केवळ कृत्रिम आर्द्रतेचे होते. त्यात आर्द्रतेची पातळी आणि तिच्या नोंदी यांबरोबर आणखी एक अट होती: हवा ओली करण्यासाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा पिण्याच्या पाण्याच्या अन्य स्रोताचे असले पाहिजे, नाहीतर वापरण्यापूर्वी ते नीट शुद्ध केलेले असले पाहिजे. सुताला पाणी कोठले आहे याने काही फरक पडत नाही. ही अट श्वासाबरोबर ते पाणी आत घेणाऱ्यांसाठी होती, आणि ती कायद्यात लिहावी लागली.